त्वचा कोणाच्या हाती सोपवावी?
ब्रायटनच्या बाष्पस्नानगृहापासून लंडनच्या दवाखान्यांपर्यंत

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन शहरी सेंट निकोलस चर्चच्या आवारात एका हिंदी गृहस्थाची समाधी आहे. हिंदुस्थानातील पाटण्याचे शेख दीन महंमद दि. २४ फेब्रुवारी १८५१ रोजी, वयाच्या एकशेएकाव्या वर्षी निवर्तले, असे तिच्यावरील लेख सांगतो. यातील गाव खरे, मृत्यूची तारीखही खरी. वय मात्र खरे नाही. महंमद यांचा जन्म इ. स. १७५९ चा. म्हणजे मृत्युसमयी ते नव्वदी नुकतीच ओलांडलेले होते. ही वाढीव दहा वर्षे दगड कोरणाऱ्याच्या नजरचुकीने शिरलेली नाहीत. ती स्वतः महंमद यांनी, पूर्ण विचारान्ती, आपल्या आयुष्यात घातली होती. का घातली, याचे उत्तर शोधू गेले असता ब्रिटनमधील त्वचोपचाराच्या आणि सौंदर्योपचाराच्या व्यवसायाचा एक जुना प्रश्न हाती येतो: अनोळखी माणसाच्या हाती आपले अंग सोपवावयाचे, तर त्याची पारख करावी कशी?

महंमद यांचे चरित्र कादंबरीहून कमी चमत्कारिक नाही. त्यांचे वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यात होते व ते मुलाच्या लहानपणीच मरण पावले. मुलगा अवघा दहा-अकरा वर्षांचा असताना कॅप्टन बेकर नामक आयरिश अधिकाऱ्याच्या आश्रयाने छावणीत राहू लागला, पुढे सुभेदारीपर्यंत चढला, आणि १७८४ साली बेकरसोबत आयर्लंडमधील कॉर्क येथे येऊन पोहोचला. १७८६ मध्ये महंमद यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारून जेन डॅली या आयरिश तरुणीशी विवाह केला. १७९४ साली त्यांनी आपल्या प्रवासाचे वर्णन इंग्रजीत प्रसिद्ध केले. हिंदी माणसाने इंग्रजीत लिहून छापलेले ते पहिले पुस्तक होय. पुढे हे कुटुंब लंडनला आले. तेथील पोर्टमन स्क्वेअर भागात बेसिल कॉक्रेन नावाच्या, हिंदुस्थानात अमाप पैसा मिळवून परतलेल्या धनिकाने बाष्पस्नानाची सोय केली होती. महंमद यांनी त्यास जी जोड दिली ती प्रत्येक हिंदी घरात ठाऊक असलेली होती. तेल लावून अंग रगडणे, सांधे मोकळे करणे, स्नायू चोळणे व दाबणे. हिंदीत यास ‘चाँपना’ म्हणतात, न्हाव्याची ‘चंपी’ तीच; आणि मराठी घरांत वडीलधाऱ्यांचे पाय ‘चेपतात’ तेही याच जातीचे काम. त्या हिंदी शब्दाच्या आज्ञार्थी रूपावरून इंग्रजीत ‘शांपू’ हा शब्द आला. प्रारंभी त्याचा अर्थ अंगमर्दन असाच होता. केस धुण्याचा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिकटला. आज बाटलीवर तो शब्द वाचणाऱ्या कोणाच्या मनात पाटण्याचा न्हावी येत नाही, ही गोष्ट वेगळी.

१८१० साली महंमद यांनी लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर हिंदुस्थानी पद्धतीचे भोजनगृह काढून पाहिले होते. हुक्का, वेताची आसने आणि मसालेदार पदार्थ असा तो थाट दोन वर्षेही टिकला नाही. १८१२ मध्ये दिवाळे निघाले. पन्नाशी उलटलेल्या या गृहस्थास नोकरीसाठी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागली. येथे एखाद्याने हाय खाल्ली असती. महंमद १८१४ मध्ये सहकुटुंब ब्रायटनला गेले.

ब्रायटन हे त्या वेळी नुसते बंदर किंवा कोळीवाडा राहिलेले नव्हते. समुद्रस्नानाने व्याधी बऱ्या होतात या समजुतीने श्रीमंत लोक तेथे लोटत असत, आणि राजपुत्राने (पुढील चौथ्या जॉर्ज राजाने) तेथे आपला विलासी प्रासाद उभारून गावास प्रतिष्ठा दिली होती. बाहेरून घुमट व मिनार असलेल्या त्या प्रासादाची आठवण झाली की त्या गावात हिंदी उपचारास एवढी मागणी का आली, हे वेगळे सांगावे लागत नाही. पूर्वेचा शौक हवेतच होता. तरीही महंमद यांची सुरुवात सोपी झाली नाही. प्रारंभी लोकांनी आपली थट्टा केली व वैद्यांनी अविश्वास दाखविला, असे ते स्वतःच्या पुस्तकात नमूद करतात. काही रोग्यांवर विनामूल्य उपचार करून गुण दाखवीपर्यंत कोणी जवळ फिरकले नाही.

उपचाराची रीत अशी होती. रोग्यास प्रथम वनस्पतींचा अर्क मिसळलेल्या वाफेत बसवीत. घाम सुटून अंग मऊ झाले की त्यास फ्लॅनेलच्या एका तंबूवजा आवरणात घेत. त्या आवरणास बाह्या शिवलेल्या असत, आणि मर्दन करणाराचे हात त्या बाह्यांतून आत येऊन रोग्याचे अंग रगडीत. रोग्याची लाज राखली जावी व वाफही बाहेर जाऊ नये, अशी ही दुहेरी युक्ती. स्त्रियांच्या स्नानगृहाची व्यवस्था जेनबाईंकडे असे. १८२१ च्या सुमारास समुद्रकाठी मोठी इमारत उभी राहिली. आज त्या जागी क्वीन्स हॉटेल आहे. चौथ्या जॉर्जने आणि त्यानंतर चौथ्या विल्यम राजाने महंमद यांस आपले ‘शांपू-शल्यवैद्य’ नेमले. ही पदवी आज ऐकताना विनोदी वाटते. तत्कालीन ब्रायटनमध्ये मात्र ती दारावर लावण्याजोगी होती आणि त्यांनी ती लावलीही.

गिऱ्हाइकाने विश्वास ठेवावा म्हणून महंमद यांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. पहिली गोष्ट, आभारपत्रे. बऱ्या झालेल्या रोग्यांची पत्रे त्यांनी १८२० मध्ये पुस्तकरूपाने छापली आणि १८२२ मध्ये आपल्या उपचारपद्धतीवर स्वतंत्र ग्रंथ काढला. त्याच्या पुढेही आवृत्त्या निघाल्या. दुसरी गोष्ट, कुबड्या. ज्यांना चालता येऊ लागले त्यांनी टाकून दिलेल्या कुबड्या व आधाराची साधने स्नानगृहात प्रदर्शनार्थ मांडलेली असत. देवळात नवस फेडून टांगलेल्या वस्तू ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. तिसरी गोष्ट, राजाचे नाव. आणि चौथी गोष्ट ती वाढीव दहा वर्षे. वैद्यकाचे शिक्षण कोठे घेतले, हा प्रश्न येणारच होता. छावणीत वाढलेल्या व सुभेदारी केलेल्या माणसाच्या आयुष्यात त्यास जागा नव्हती. म्हणून महंमद यांनी आपले जन्मसाल १७४९ असे मागे सारले, आणि सैन्यात जाण्यापूर्वी आपण वैद्यकीय शिक्षण घेतल्याची कथा त्या रिकाम्या दशकात बसविली.

महंमद ढोंगी होते, असा निष्कर्ष यावरून काढणे अन्यायाचे होईल. त्यांच्या हाताला कसब होते. सांधेदुखीस वाफ व मर्दन यांनी आराम पडतो यात शंका नाही. आणि गुडघा धरून आत गेलेला माणूस हसत बाहेर पडताना शेकडोंनी पाहिला. पण दमा, अर्धांगवायू यांसारख्या रोगांवरील त्यांचे दावे आजच्या वैद्यकात टिकणारे नाहीत. ब्रायटनमधील एका सामान्य गिऱ्हाइकापाशी या दोहोंतील भेद ओळखण्याचे साधन कोणते होते? पत्रे, कुबड्या, राजाचे नाव आणि म्हाताऱ्याची पांढरी दाढी. महंमद यांचे यश पाहून नकला करणारेही निघाले, आणि त्यांचीही साधने तीच होती. खरा कसबी आणि नकली यांना वेगळे करील असा कागद कोणाजवळच नव्हता. महंमद यांच्या वाट्यास अखेर वैभवही राहिले नाही. स्नानगृहाची इमारत त्यांच्या मालकीची नव्हती. १८४० च्या दशकात ती लिलावात गेली, आणि उतारवयात त्यांना लहान जागेत व्यवसाय चालवावा लागला.

तो कागद त्यांच्या नातवाच्या पिढीत आला. १८५८ च्या वैद्यकीय कायद्याने ब्रिटनमध्ये वैद्यकीय परिषद स्थापन झाली, आणि शिक्षण घेतलेल्या वैद्यांची नावे असलेली नोंदवही तिने ठेवावी असे ठरले. उद्देश स्पष्ट होता: गरजवंतास लायक व नालायक वैद्य ओळखता यावा. १८४९ मध्ये जन्मलेले महंमद यांचे नातू फ्रेडरिक अकबर महंमद हे लंडनच्या गायज रुग्णालयात शिकून रीतसर डॉक्टर झाले. नाडीची रेषा कागदावर उमटविणाऱ्या यंत्रात त्यांनी सुधारणा केली, आणि रक्तदाब वाढणे हे मूत्रपिंड बिघडण्याच्या आधीही घडू शकते, हे दाखवून दिले. १८८४ मध्ये विषमज्वराने वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ते गेले. आजोबांना जन्मसाल बदलावे लागले; नातवास त्याची गरज उरली नाही. दोन पिढ्यांत एवढे अंतर कापले गेले.

तथापि त्या नोंदवहीस एक मोठी भिंत होती, आणि भिंतीपलीकडे सौंदर्याचा बाजार होता. रोग बरा करणाऱ्याने आपली लायकी सिद्ध करावी. पण गोरे करतो, सुरकुत्या घालवितो, तारुण्य परत आणतो असे म्हणणाऱ्यास कोणी काही विचारीत नव्हते. त्याचे फळ दहा वर्षांतच दिसले. लंडनच्या न्यू बाँड स्ट्रीटवर ‘मादाम राशेल’ या नावाने सारा राशेल लेव्हरसन नामक बाईने सौंदर्यगृह थाटले होते. स्त्रियांस चिरंतन सौंदर्य देण्याचे वचन तिच्या दुकानाचे घोषवाक्यच होते. तिच्या मालाच्या यादीत अरबी स्नान होते, सहारा वाळवंटातील चुंबकीय दगडांवरील दवबिंदूंचे पाणी होते, आणि चेहऱ्यावर मुलाम्यासारखा पांढरा लेप चढविण्याची सेवा होती. असल्या पांढऱ्या लेपांत त्या काळी शिसे सर्रास वापरले जाई. महंमद यांच्यापाशी पूर्वेकडून आलेले एक खरे कसब होते. राशेलपाशी पूर्वेचे केवळ नाव होते. गिऱ्हाइकास दोन्ही सारखीच दिसली.

मद्रासच्या घोडदळातील एका कर्नलची विधवा, मेरी बोरडेल, हिला राशेलने प्रथम लेपांच्या व मग एका लॉर्डशी लग्न जुळविण्याच्या आशेने हजारो पौंडांस बुडविले. तो लॉर्ड असे काही मनात आणीतही नव्हता. १८६८ मध्ये खटला उभा राहिला. पहिल्या वेळी ज्यूरीचे एकमत झाले नाही. दुसऱ्या वेळी राशेलला पाच वर्षांची सक्तमजुरी झाली. सुटल्यावर तिने पुन्हा दुकान थाटले, १८७८ मध्ये पुन्हा शिक्षा झाली, आणि १८८० मध्ये ती तुरुंगातच मेली. शिक्षा झाली ती पैशाच्या फसवणुकीबद्दल. चेहऱ्यांवर काय थापले, यासाठी तिला कोणी कायद्याने जाब विचारला नाही, कारण तसा कायदाच नव्हता. जो पैसा बुडाला त्याचा काही अंश तरी मद्रासच्या खजिन्यातून आला असेल, हाही या कथेतील एक कडवट विनोद.

बाँड स्ट्रीटवर हे चालले असता हिंदुस्थानातून निघालेल्या लक्षावधी माणसांची त्वचा निराळ्याच कारणासाठी पाहिली जात होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाज मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरी लागले. महंमद तेव्हा ब्रायटनमध्ये हयात होते. तेव्हापासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख गिरमिटिये त्या एका बेटावर उतरले. त्यांत महंमद यांच्याच बिहारातील लोकांचा भरणा मोठा होता; मुंबई बंदरातून कोकणचे, रत्नागिरीकडचे मराठी लोकही गेले. उतरल्यावर प्रत्येकास क्रमांक मिळे. नोंदवहीत नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, उंची यांबरोबरच अंगावरील खुणाही लिहून घेत. देवीचे व्रण, भाजल्याचे डाग, कपाळावरची जखम, हातावरचे गोंदण. पुढे १८६० च्या दशकात छायाचित्रेही जोडली गेली. त्या नोंदी आज मॉरिशसमधील मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत, आणि अनेक कुटुंबांना आपल्या पणजोबांच्या चेहऱ्याची एकमेव ओळख तेथेच लागते. मजुराची कातडी ही कारकुनाच्या दृष्टीने पळून गेल्यास शोधण्याची खूण होती. ती निगेची वस्तू आहे हे घरातील बायांनी मात्र सोडले नाही. खोबरेल, हळद, दिवाळीच्या पहाटेचे तेल-उटणे, तान्ह्या बाळाचे अंग चोळणे या गोष्टी जहाजातून क्रमांकावाचून उतरल्या.

त्याच कुटुंबांची मुले-नातवंडे पुढे ब्रिटनमध्ये आली. १९६० व १९७० च्या दशकांत मॉरिशसमधील अनेक तरुण-तरुणी परिचर्येच्या शिक्षणासाठी राष्ट्रीय आरोग्यसेवेत दाखल झाल्या. कॅरिबियन बेटांतून आणि फिजीतूनही गिरमिटियांचे वंशज आले. इतरांच्या अंगाची शुश्रूषा करण्यात ज्यांची उमर गेली, त्यांच्यापैकी कित्येकींना स्वतःच्या त्वचेबद्दल सल्ला मात्र नीट मिळाला नाही, आणि त्यास कारण होते. इंग्लंडमधील वैद्यकीय पाठ्यपुस्तके गोऱ्या त्वचेच्या चित्रांनी भरलेली होती. गोऱ्या अंगावर लाल दिसणारे पुरळ सावळ्या अंगावर जांभळट किंवा करडे दिसते. पुस्तकात पाहिले नाही ते डोळ्यास ओळखू येत नाही. २०२० साली लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठातील मलोन मुक्वेंडे या विद्यार्थ्याने आपल्या शिक्षकांच्या साहाय्याने सावळ्या व काळ्या त्वचेवरील रोगलक्षणांची चित्रमय पुस्तिका तयार केली. तेव्हा ही उणीव किती जुनी होती हे सर्वांच्या ध्यानात आले. तत्पूर्वी १९७५ मध्ये अमेरिकेतील फिट्झपॅट्रिक यांनी त्वचेचे उन्हातील वर्तनावरून प्रकार पाडले होते. तेही आधी गोऱ्या त्वचेपुरते होते, सावळे व काळे प्रकार नंतर जोडण्यात आले. आजही प्रकाशोपचाराच्या दवाखान्यात गेल्यावर प्रथम विचारला जातो तो हाच प्रकार, आणि बहुतेक हिंदी वंशाची माणसे चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडतात.

हा केवळ आकड्यांचा खेळ नाही. नको असलेले केस काढण्यासाठी वापरतात तो लेसरचा किरण केसातील रंगद्रव्याने शोषला जावा, असा हिशेब असतो. सावळ्या त्वचेत तेच रंगद्रव्य वरच्या थरातही भरपूर असते. किरणाची जात चुकली किंवा शक्ती अधिक झाली तर केसाऐवजी कातडी भाजते, आणि भाजल्याचा काळा डाग महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे राहतो. १०६४ नॅनोमीटर लांबीच्या लहरीचा लेसर अशा त्वचेस तुलनेने सुरक्षित मानतात. ७५५ नॅनोमीटरचा गोऱ्या त्वचेस चालतो म्हणून सर्वांस चालत नाही. तीव्र आम्लाने चेहऱ्याची साल काढण्याच्या उपचारातही हाच धोका आहे. लग्नाच्या दोन आठवडे आधी ‘चेहरा उजळावा’ म्हणून गेलेली मुलगी गालावर डाग घेऊन मांडवात उभी राहते, तेव्हा तिला कोणाचे समाधान करून उपयोग होत नाही.

या उजळण्याच्या हौसेविषयी स्पष्ट बोललेले बरे. गोरेपणाचे वेड गिरमिटाबरोबर आले नाही, पण मळ्यांच्या व्यवस्थेने ते पक्के केले हे खरे. हिंदुस्थानात १९७५ साली बाजारात आलेल्या सुप्रसिद्ध मलमाच्या नावातच गोरेपणा होता. १९२० पासून नव्हे, तर थेट २०२० साली तो शब्द नावातून काढण्यात आला. ब्रिटनमध्ये हायड्रोक्विनोन हे द्रव्य सौंदर्यप्रसाधनात घालण्यास बंदी आहे; ते केवळ डॉक्टरने लिहून दिले तरच मिळते. पाऱ्यासही बंदी आहे. तरीही मोठ्या शहरांतील काही दुकानांच्या मागच्या फळीवर ती मलमे सापडत आली आहेत, आणि व्यापार-नियंत्रण अधिकाऱ्यांनी वेळोवेळी ती जप्त केली आहेत. पारा मूत्रपिंडात जातो. महंमद यांच्या नातवाने ज्या अवयवाचा अभ्यास केला, तोच.

कायद्याची स्थिती काय? १८५८ ची भिंत पूर्ण पडली असे म्हणता येत नाही. स्तनांत घालण्याच्या सदोष फ्रेंच पिशव्यांचे प्रकरण उघडकीस आल्यावर ब्रिटिश सरकारने सर ब्रूस किओ यांच्याकडून चौकशी करविली. २०१३ च्या त्यांच्या अहवालाचा एक निष्कर्ष धक्कादायक होता. शस्त्रक्रियेवाचूनचे सौंदर्योपचार घेणाऱ्यास कायद्याने मिळणारे संरक्षण बॉलपेन किंवा दात घासण्याचा ब्रश विकत घेणाऱ्यापेक्षा अधिक नव्हते. इतकेच नव्हे, तर इंग्लंडमध्ये सौंदर्यासाठीच्या लेसरवर पूर्वी असलेली सरकारी देखरेख १ ऑक्टोबर २०१० पासून काढून घेण्यात आली होती. हा निर्णय दूरदृष्टीचा म्हणता येत नाही. वेल्समध्ये ती नोंदणी कायम राहिली, आणि स्कॉटलंडने २०१६ मध्ये डॉक्टर, परिचारिका आदींनी चालविलेल्या खाजगी दवाखान्यांस नोंदणी सक्तीची केली. एकाच राज्यात तीन रीती. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून अठरा वर्षांखालील मुलामुलींना सौंदर्यासाठी बोटॉक्स व भराव टोचणे गुन्हा ठरले. २०२२ च्या आरोग्यविषयक कायद्याने इंग्लंडमध्ये अशा उपचारांस परवानापद्धती लागू करण्याचा अधिकार मंत्र्यांस दिला.

म्हणून शहरात दवाखाना निवडणाऱ्याचे काम महंमदांच्या गिऱ्हाइकापेक्षा सोपे झाले आहे, पण संपलेले नाही. उपचार करणारी व्यक्ती डॉक्टर असेल तर तिचे नाव १८५८ पासून चालत आलेल्या वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत कोणासही घरबसल्या पाहता येते. त्वचारोगतज्ज्ञ असल्यास तसा वेगळा उल्लेख तेथे असतो. परिचारिकांची नोंदवही निराळी. बोटॉक्स हे औषध डॉक्टरी चिठ्ठीवाचून देता येत नाही, तेव्हा चिठ्ठी कोणी लिहिली हे विचारण्याचा अधिकार घेणाऱ्यास आहे. २०१६ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांप्रमाणे उपचार करणाऱ्या डॉक्टरानेच रोग्याची संमती घ्यावी, विचारास वेळ द्यावा आणि असले उपचार बक्षीस म्हणून वाटू नयेत, असे आहे. ‘आज पैसे भरा, निम्म्या दरात’ अशी घाई जेथे होते तेथून उठून यावे, हे नियम न वाचताही कळण्यासारखे आहे.

सावळ्या त्वचेच्या माणसाने मात्र याहून एक पाऊल पुढे जावे लागते. चौथ्या-पाचव्या प्रकारच्या त्वचेवर काम केल्याचा अनुभव आहे काय, असल्यास त्या रोग्यांची उपचारापूर्वीची व नंतरची छायाचित्रे दाखविता येतील काय, यंत्राची लहर कोणती, आणि भाजल्यास त्याच रात्री कोणाला भेटावयाचे. ही विचारणा उद्धटपणाची नव्हे. ज्यास उत्तरे ठाऊक आहेत तो आनंदाने देतो. ज्यास ठाऊक नाहीत तो भिंतीवरील आभारपत्रांकडे बोट दाखवितो. लेसरच्या आधी त्वचेच्या लहानशा तुकड्यावर, बहुधा कानामागे किंवा कपड्याने झाकल्या जाणाऱ्या जागी, चाचणी करून काही दिवस थांबावे लागते. सावळ्या त्वचेवर डाग उशिरा उमटतो, म्हणून तो काळ कापून घेऊ नये.

लंडनमध्ये राहणाऱ्यास आणखी एक सोय आहे. १९९१ च्या लंडन स्थानिक संस्था कायद्याखाली तेथील बहुतेक नगरपालिका मर्दन, वाफेची स्नाने, लेसर, सुईचे उपचार यांसाठी ‘विशेष उपचार’ परवाना देतात, आणि अधिकारी जागेची तपासणी करतात. नोंदणीकृत डॉक्टरांस त्यातून सूट आहे. इतरांनी तो घ्यावाच लागतो. ज्या व्यवसायाने महंमद यांनी ब्रायटनमध्ये नाव काढले, तो वाफ व मर्दनाचा व्यवसाय आज लंडनमध्ये याच परवान्याखाली येतो. दवाखान्यात शिरल्यावर हा कागद सहसा भिंतीवर लावलेला आढळतो. त्यावर जागेचा पत्ता, मुदत आणि कोणत्या उपचारांस परवानगी आहे ते लिहिलेले असते. नाव नोंदविणाऱ्या मुलीने फी विचारण्यापूर्वी तो वाचून घेण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत.